तेरा अंशांवर दुरून नजर

वाइन १३ अंश सेल्सिअसला ठेवावी, असे सगळीकडे लिहिलेले असते. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही, युरोपच्या जमिनीने तो दिला आहे. जमिनीत आठ-दहा मीटर खाली गेले की उन्हाळा-हिवाळा जाणवेनासा होतो आणि तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिरावते. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरे आहेत. १७८३ साली तिथे रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा थर्मोमीटर बसवण्यात आला. अकरा आणि बारा अंशांच्या मधला त्याचा पारा वर्षानुवर्षे जवळपास जागचा हलला नाही. फ्रान्समधल्या वाइनच्या तळघरांनाही हीच सोय आयती मिळाली आणि तिथे चांगली मुरलेली वाइन पुढे जगाचे मोजमाप ठरली.

आपल्याकडे ही सोय नाही. पुण्याची वार्षिक सरासरी २५ अंशांच्या आसपास आहे, मुंबईची २७ च्या. वाड्याखाली कितीही खोल खणले तरी तेरा अंश हाती लागणार नाहीत. म्हणून महाराष्ट्रातला घरगुती सेलर, मग तो बंगल्यातली खास खोली असो की फ्लॅटमधले काचेच्या दाराचे कपाट, कॉम्प्रेसरच्या जोरावर चालतो. फ्रेंच तळघराला पहारा लागत नाही, कारण तिथे बिघडण्यासारखे फारसे काही नसते. आपल्याकडे कॉम्प्रेसर थांबला की काही तासांत खोली आजूबाजूच्या हवेसारखी होऊ लागते, आणि मालक त्या वेळी गावाला गेलेला असू शकतो. दुरून लक्ष ठेवण्याची खरी गरज इथे आहे. मात्र मोबाइलवर दिसणारे दोन आकडे, एक तापमानाचा आणि एक आर्द्रतेचा, वेगवेगळे वाचले तर फसवतात. त्यांचा एकमेकांशी संबंध आणि त्यांच्या बदलाचा वेग वाचता आला, तरच त्यांतून वाइनबद्दल काही कळते.

आधी तापमान बाटलीला काय करते ते पाहू. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो. या हिशेबाने ३० अंशांतली वाइन १३ अंशांतल्या वाइनपेक्षा तिपटीहून थोडी जास्त वेगाने बदलते. यावरून कोणी म्हणेल की मग ती लवकर मुरेल, चांगलेच झाले. तसे होत नाही, कारण सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वेग घेत नाहीत. फळाचा ताजेपणा आधी जातो आणि शिजवलेल्या मनुकांसारखी चव पुढे येते. दुसरी गोष्ट प्रसरणाची. ७५० मिलीलीटर वाइन १३ वरून ३० अंशांवर गेली की तिचे आकारमान तीन ते चार मिलीलीटरने वाढते. बुचाखाली मोकळी जागा साधारण तेवढीच असते. तिथली हवा दाबली जाते आणि बूच वर सरकते किंवा त्याच्या कडेने वाइन पाझरते. थंड झाल्यावर उलट ओढ लागते आणि बाहेरची हवा आत येऊ पाहते. म्हणून सावकाश होणारा ऋतुबदल बाटलीला सोसतो, रोज दुपारी पाच-सहा अंशांचा हेलकावा सोसत नाही. कायम १७ अंशांवर असलेला सेलर मी १२ आणि १८ मध्ये झुलणाऱ्या सेलरपेक्षा चांगला मानतो.

आर्द्रतेबद्दल मात्र बरीच अतिशयोक्ती चालते. ६० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता हवी, नाहीतर बूच वाळेल, असे सांगितले जाते. आडव्या बाटलीत बुचाचे एक टोक वाइनमध्ये भिजलेले असते, आणि उभ्या बाटलीतही आतली मोकळी जागा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. वाळण्याचा धोका आहे तो बाहेरच्या टोकाला, आणि तोही वर्षानुवर्षे कोरड्या हवेत ठेवले तर. शिवाय नाशिक-दिंडोरी पट्ट्यातल्या अनेक वाइन्सना आता बूच नसतेच, फिरकीचे झाकण असते. तिथली शेनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यॉ ब्लाँ एक-दोन वर्षांत प्यायची असते. तिला दहा वर्षांच्या सेलरची नव्हे, एका मे महिन्यातून सुखरूप पार पडण्याची गरज असते. आपल्या हवेत आर्द्रतेचा खरा त्रास वरच्या बाजूने आहे. लेबले सुटतात, लाकडी रॅकवर बुरशी धरते, भिंतीच्या आत पाणी साचते आणि उष्णतारोधक थर निकामी होतो. म्हणजे आर्द्रता मोजायची ती बाटलीपेक्षा खोलीच्या काळजीपोटी.

आर्द्रतेचा आकडा कसा वाचायचा

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत असलेले बाष्प आणि त्या तापमानाला मावू शकणारे जास्तीत जास्त बाष्प यांचे शेकडा प्रमाण. या व्याख्येतला छेद तापमानाबरोबर बदलतो. १३ अंशांच्या आसपास एक अंशाने तो साडेसहा टक्क्यांच्या घरात वाढतो किंवा घटतो. त्यामुळे खोलीत पाण्याचा एक थेंबही आला-गेला नसताना तापमान एक अंशाने घसरले, तर ६५ टक्क्यांचे ६९ होतात. खोलीतल्या खोलीतही हेच घडते. वरच्या कप्प्यात १५ अंश आणि जमिनीलगत १२ अंश असतील, तर त्याच हवेची आर्द्रता वर ५९ आणि खाली ७२ टक्के दिसेल. तापमानाची नोंद शेजारी नसेल तर ‘माझ्या सेलरमध्ये ६५ टक्के आहे’ या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

पुण्यातली एप्रिलमधली दुपार घ्या. ३८ अंश, आर्द्रता २० टक्के. ओठ फुटतील अशी हवा. हीच हवा बाष्प न गमावता १३ अंशांपर्यंत थंड केली तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८८ टक्के होते. ज्या हवेला आपण कोरडी म्हणतो तीच सेलरमध्ये शिरल्यावर ओली ठरते. आता जुलैतली मुंबई घ्या. २८ अंश, ९० टक्के. या हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये साडेचोवीस ग्रॅम बाष्प असते आणि १३ अंशांना त्यातले अकरा ग्रॅमच हवेत राहू शकते. उरलेले तेरा-चौदा ग्रॅम कुठेतरी पाणी होऊन बसणारच. दार उघडून दोन मिनिटे बाटली शोधत उभे राहिले, तीन घनमीटर हवेची अदलाबदल झाली, की अर्ध्या वाटीच्या आसपास पाणी आत आले.

म्हणून शेकड्यांपेक्षा दवबिंदू पाहण्याची सवय लावावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाण्यात उतरू लागते तो दवबिंदू. खोली तापली किंवा थंडावली तरी बाष्प तेवढेच असेल तर तो जवळपास बदलत नाही. १३ अंश आणि ६५ टक्के या जोडीचा दवबिंदू साडेसहा अंश येतो, पुण्याच्या त्या कोरड्या दुपारचा अकरा, मुंबईच्या जुलैचा २६. बहुतेक चांगली मॉनिटरिंग ॲप तो स्वतःच काढून दाखवतात. नसेल तर तापमान आणि आर्द्रतेवरून तो काढण्याचे सूत्र स्प्रेडशीटच्या एका ओळीत मावते. सेलरच्या आत दवबिंदू चढत असेल तर बाहेरची हवा कुठूनतरी शिरते आहे, दाराचा रबर गेला आहे किंवा पाणी झिरपते आहे. तो स्थिर असून टक्केवारी नाचत असेल, तर नाचते आहे ते तापमान. हे निदान एका नजरेत होते आणि पाचशे किलोमीटरवरूनही होते.

थंड करणारे यंत्र स्वतःच आर्द्रता ठरवते, हेही इथेच सांगायला हवे. आतल्या थंड नळ्यांच्या पृष्ठभागावर बाष्प पाणी होऊन गळते आणि खोलीचा दवबिंदू हळूहळू त्या पृष्ठभागाच्या तापमानाजवळ येतो. नळ्या दोन अंशांवर असतील तर १३ अंशांच्या खोलीत आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास उतरेल, सात अंशांवर असतील तर ६७ टक्क्यांपाशी थांबेल. सेलरसाठी बनवलेली यंत्रे नळ्या कमी थंड ठेवतात आणि त्यांचे क्षेत्रफळ वाढवतात ते याच कारणाने. घरगुती स्प्लिट एसी साधारणपणे १६ अंशांखाली लावताच येत नाही. त्याच्या सेन्सरला फसवून खाली नेण्याच्या युक्त्या केल्या तर नळ्यांवर बर्फ धरतो आणि पुढच्या आलेखात तापमान आणि आर्द्रता दोन्ही करवतीच्या दात्यांसारखी दिसू लागतात.

बाष्प भिंतीत शिरू नये म्हणून लावायचा बाष्परोधक पडदा तिच्या गरम बाजूला असावा लागतो. थंड देशांतल्या घरबांधणीच्या पुस्तकांत तो आतल्या बाजूला दाखवतात, कारण तिथे हिवाळ्यात घर गरम आणि बाहेर गार असते. आपल्या सेलरला गरम बाजू ती बाहेरची. चित्र बघून काम करणाऱ्या कंत्राटदाराला हे आधी सांगावे, नंतर सेन्सर सांगेल तेव्हा भिंत फोडावी लागेल.

मापन कुठे आणि कशाने

एक सेन्सर पुरत नाही. मी तीन सुचवीन. एक खोलीच्या हवेत, मध्यम उंचीवर, यंत्राच्या वाऱ्याच्या झोतापासून आणि दारापासून दूर. दुसरा बाटलीत. तिसरा सेलरच्या बाहेर, त्याच मजल्यावर. बाहेरचा सेन्सर पाहिल्याशिवाय आतल्या आकड्याला संदर्भ मिळत नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यात काचेचे दार बाहेरून घामेजणार की नाही हे आतला सेन्सर सांगूच शकत नाही.

बाटलीतला सेन्सर सर्वांत महत्त्वाचा. भरलेल्या बाटलीचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ३.४ किलोज्यूल उष्णता लागते. स्थिर हवेत एकट्या बाटलीचा प्रतिसादकाळ दीड-दोन तास निघतो, म्हणजे हवा आणि बाटली यांच्यातले अंतर साठ-पासष्ट टक्क्यांनी भरून यायला इतका वेळ. रचलेल्या थप्पीत तो आणखी लांबतो. दार उघडल्यावर हवा २० अंशांवर जाते आणि दहा मिनिटांत परत येते. बाटलीला त्याचा पत्ताही लागत नाही. हवेच्या सेन्सरवर गजर लावला तर तो रोज वाजेल आणि महिन्याभरात मालक तो बंद करून टाकेल. वाइनच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून, त्यात जलरोधक तापमान-सेन्सर सोडून ती इतर बाटल्यांमध्ये आडवी ठेवावी, तोंड घट्ट बंद करून. ही कल्पना वाइनवाल्यांची नाही. लशींच्या फ्रिजमध्येही तापमानाची काडी द्रवाच्या कुपीत बुडवून ठेवतात, त्यामागचे कारण हेच. भारतात २०१५ पासून उभ्या राहिलेल्या ई-विन या व्यवस्थेत सरकारी लस-शीतसाखळीच्या तापमानावर दुरून लक्ष ठेवले जाते. दोन ते आठ अंशांची ती कडक मर्यादा पाहिली की वाइनवाल्याने फार कुरकुर करू नये.

सेन्सरच्या दर्जाबद्दल थोडक्यात. छंदी मंडळींच्या हाती पहिल्यांदा लागणारा निळ्या डबीतला डीएचटी११ आर्द्रतेत पाच टक्के इकडेतिकडे असू शकतो आणि तापमानात दोन अंश. या कामाला तो चालणार नाही. एसएचटी३१ सारखी चिप आर्द्रतेत दोन टक्क्यांच्या आसपास आणि तापमानात अंशाच्या काही दशांशांपर्यंत अचूक असते. किंमत जास्त आहे, पण एका बऱ्या बाटलीपेक्षा कमीच. चिप कितीही चांगली असली तरी ती वाय-फायच्या सर्किटला खेटून बसवली तर त्या सर्किटच्या उष्णतेने दोन अंश जास्त दाखवेल, आणि वरच्या हिशेबाने आर्द्रता आठ-नऊ टक्के कमी. बाजारातल्या बऱ्याच सुबक डब्यांत ही खोट असते.

आर्द्रतेचा सेन्सर काळाबरोबर भरकटतो. आजचे सेन्सर पॉलिमरच्या पातळ थरात शिरणाऱ्या बाष्पामुळे बदलणारी विद्युत धारिता मोजतात. त्याच थरात ताज्या रंगाचे, व्हार्निशचे, फोमचे वायूही शिरतात. म्हणून नवी खोली तयार झाल्यावर काही आठवडे ती उघडी ठेवून मगच सेन्सर बसवावेत. सतत ८० टक्क्यांवर राहिलेला सेन्सरही काही काळ जास्त दाखवत राहतो. पडताळणीची पद्धत मात्र फार जुनी आणि स्वस्त आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे, त्यात जेमतेम ओल येईल इतकेच पाणी घालावे, सगळे विरघळू देऊ नये. ते आणि सेन्सर एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावे. संपृक्त मीठपाण्यावरची हवा २५ अंशांना ७५.३ टक्क्यांवर स्थिरावते आणि सेलरच्या तापमानालाही साडेपंच्याहत्तरच्या आसपासच राहते. सेन्सर ७९ दाखवत असेल तर वजाबाकी किती करायची ते कळले. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, हे करावे. लाव्हाझिएचा थर्मोमीटर पॅरिसच्या तळघरात उतरला त्याच वर्षी, १७८३ मध्ये, जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाच्या लांबीवरून आर्द्रता मोजण्याच्या यंत्राचे विवेचन प्रसिद्ध केले होते. केसाचे आर्द्रतामापक अजूनही मिळतात, दिसतात देखणे, पण त्यांनाही हीच मिठाची परीक्षा द्यावी लागते.

दुरून

नोंद किती वेळाने घ्यायची, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. कॉम्प्रेसर वीस मिनिटांच्या फेऱ्यांत चालू-बंद होत असेल आणि नोंद दर अठरा मिनिटांनी होत असेल, तर आलेखात तीन तासांची एक सावकाश लाट दिसेल, जी खोलीत मुळी नाहीच. फेरीच्या निम्म्याहून कमी अंतराने नोंद हवी. पाच मिनिटे बहुतेक ठिकाणी पुरतात. बॅटरी वाचवण्यासाठी तासाला एक नोंद करणारी उपकरणे बाटलीच्या सेन्सरसाठी ठीक, हवेसाठी निरुपयोगी.

संदेश बाहेर काढणे हे स्वतंत्र दुखणे आहे. उष्णतारोधक पॅनेलवर पत्रा किंवा चकचकीत ॲल्युमिनियम असते, ते रेडिओलहरी परतवते. शेकडो बाटल्यांतले पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला चांगलेच शोषते. सेन्सर आत आणि प्रसारक बाहेर, मध्ये दाराच्या रबराखालून जाणारी चपटी वायर, हा उपाय सर्वांत साधा आणि टिकाऊ. लांब पल्ल्याचे लोरा उपकरण वापरायचे असेल तर ते ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातले हवे. न्यू जर्सीहून येताना भाच्याने आणलेले उपकरण बहुधा ९१५ मेगाहर्ट्झचे असते, आणि तो पट्टा भारतात या कामाला खुला नाही.

आता वीज. वीज गेली की कॉम्प्रेसर थांबतो, आणि नेमका त्याच क्षणी राउटरही बंद पडतो. ज्या प्रसंगासाठी सगळा खटाटोप केला त्याच प्रसंगी यंत्रणा मुकी होते. राउटर आणि फायबरच्या डबीला छोटा डीसी यूपीएस लावणे हा अर्धा इलाज झाला. खरा इलाज गजराची रचना उलटी करण्यात आहे. घरातल्या उपकरणाने धोक्याचा संदेश पाठवावा अशी अपेक्षा न ठेवता त्याने दर पाच मिनिटांनी ‘ठीक आहे’ एवढेच कळवावे, आणि घराबाहेरच्या सर्व्हरने अर्धा तास काही आले नाही तर मालकाला फोन करावा.

गजराच्या मर्यादेला वेळही जोडावा. बाटली १६ अंशांवर सलग दोन तास, हवा १८ वर पाऊण तास, आर्द्रता ८० च्या वर अर्धा दिवस. ४५ च्या खाली गेली तर घाई नाही, तीन दिवसांनी कळले तरी चालेल.

वीज जाणे हा एक फुकटचा प्रयोगही असतो, आणि त्याचा उपयोग फार कमी लोक करतात. समजा दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, २.४ मीटर उंच खोली आहे, चहूबाजूंनी, वर-खाली १०० मिलीमीटरचे पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेल आहे आणि आत ३०० बाटल्या आहेत. पृष्ठभाग सव्वासत्तावीस चौरस मीटरच्या आसपास. बाहेर ३५ आणि आत १३ अंश असताना भिंतींतून साधारण १३० वॉट उष्णता आत येईल. तीनशे बाटल्यांना एक अंश चढायला १० लाख ज्यूलच्या वर लागतात. भागाकार केला तर दोन तासांना एक अंश. चार तास वीज नसली तरी वाइन १५ वर जाते, एवढेच. तीच खोली नऊ इंची विटांची आणि नुसत्या गिलाव्याची असेल तर उष्णता सुमारे नऊपट येते आणि दोन तासांचा अवधी पंधरा मिनिटांवर उतरू पाहतो. बाटल्या तितक्या झपाट्याने तापू शकत नाहीत, पण हवा तापतेच. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा बाटलीच्या आलेखाचा चढ मोजावा. हिशेबापेक्षा तो दुप्पट निघाला तर पॅनेलच्या सांध्यांत, दारात किंवा नळ्यांच्या भोकाशी गळती आहे. उष्णतारोधक थराची तपासणी करायला याहून चांगले साधन घरी मिळणार नाही.

सर्वांत घातकी असतो तो वीज परत आल्यानंतरचा तास. राउटर जिवंत होतो, सेन्सर बोलू लागतो, मालक निर्धास्त होतो. पण काही कपाटांचे नियंत्रक वीज आल्यावर बटण दाबेपर्यंत बंदच राहतात. हे खरेदीच्या वेळीच प्लग काढून-लावून तपासावे. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे वीज मोजणारा स्मार्ट प्लग. कॉम्प्रेसर करंट घेत नाही हे तो लगेच सांगतो, तापमान ते सांगायला तास-दोन तास घेते. शिवाय दिवसातला किती वेळ कॉम्प्रेसर चालतो हे प्रमाण आठवड्यागणिक ठेवले तर बिघाडाची चाहूल आधी लागते. बाहेरचे हवामान तेच असून ते ४० टक्क्यांवरून ६० वर गेले, तर बाहेरच्या जाळीवर धूळ बसली आहे किंवा गॅस कमी झाला आहे. तापमानाची रेषा या काळात अगदी सरळ दिसत असते.

नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. कॉम्प्रेसर नसलेली, पेल्टिए चिपवर चालणारी आवाजरहित कपाटे आसपासच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांपर्यंतच खाली जाऊ शकतात. मे महिन्यात बंद घर ४२ अंशांवर असेल तर पडद्यावर १२ लावलेले असले तरी बाटली २२ च्या खाली उतरणार नाही. तिथला पडदा बहुधा लावलेले तापमान दाखवतो, असलेले नव्हे. अशा कपाटाला दुरून पाहणे म्हणजे हताशपणे पाहणे. त्याऐवजी उन्हाळ्यापुरत्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात आडव्या ठेवाव्यात. तीन महिन्यांत चार-पाच अंशांनी वाइनचे काही बिघडत नाही.

शेवटी, गजर वाजल्यावर करायचे काय हे आधी ठरलेले हवे. किल्ली कोणाकडे आहे, त्याला मुख्य बटण कुठे आहे ते माहीत आहे का, मेकॅनिकचा नंबर त्याच्याकडे आहे का. शेजारच्या काकांना एवढेच सांगून ठेवावे की दार उघडून बघू नका, आधी फोन करा. यंत्र बंद असेल तर ते चालू करण्याआधी तीन मिनिटे थांबायचे, म्हणजे कॉम्प्रेसरमधला दाब उतरतो. आणि बाटली २४ वर पोचली असेल तर यंत्र लगेच १३ वर न लावता दिवसाला दोन-तीन अंशांनी खाली आणावे, कारण वर सरकलेल्या बुचाशेजारून हवा आत ओढली जाते ती बाटली झपाट्याने थंड होताना.